खिडकीवर बसणाऱ्याचे पोट

मधुमेहाविषयी आम्ही या पानावर लिहिले तेव्हा जी पत्रे आली, त्यांतले एक पत्र मधुमेहाचे नव्हते. एका भगिनीने जयभीम कळवून लिहिले होते की, ती कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना साड्या दाखवण्याचे काम करते. दिवसातून सात-आठ वेळा शौचास जावे लागते, कधीकधी रक्त पडते. दुकानात बायकांसाठी संडास नाही. मार्केटच्या मागे पालिकेचा आहे, तिथे जाऊन यायला पंधरा मिनिटे लागतात आणि मालक घड्याळ बघतो. म्हणून तिने सकाळपासून पाणी पिणे सोडले आहे, दुपारचा डबाही पुष्कळदा तसाच घरी परत नेते. मूळव्याधीची पुडी दीड वर्ष चालू आहे. पत्राच्या शेवटी विचारले होते, "भाऊ, नोकरी सोडू का?"

ताई, नोकरी इतक्यात सोडू नका. आधी पुडी सोडा आणि तपासणी करून घ्या. पत्रावर नाव-गाव न घालता आम्ही येथेच उत्तर देत आहोत, कारण अशा दुखण्याची माणसे आपल्या वस्तीत पुष्कळ आहेत आणि ती बोलत नाहीत.

आम्ही स्वतः अकरा वर्षांपासून या दुखण्याचे धनी आहोत. एका पतसंस्थेच्या शाखेत आम्ही रोख रकमेच्या खिडकीवर बसतो. समोर माणसांची रांग, हातात दुसऱ्याचे पैसे आणि पोटात अचानक कळ, हा प्रसंग आमच्यावर इतक्या वेळा आला आहे की मोजदाद ठेवणे आम्ही सोडून दिले. आमच्या दुखण्याचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, त्यातून रक्त आणि आव जाते. शौचाची घाई अशी लागते की दोन मिनिटेही दम निघत नाही. इंग्रज डॉक्टर सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ साली या रोगाला वेगळे नाव दिले. याचाच भाऊबंद म्हणजे क्रोन्सचा आजार. अमेरिकेतले बरिल क्रोन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या पूर्ण जाडीत शिरतो. दोन्हींत शरीराची स्वतःची संरक्षण व्यवस्था आपल्याच आतड्यावर उठते. तसे का होते याचे एकच एक कारण डॉक्टरांना अजून सापडलेले नाही. मात्र हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, ताटात ताट घालून जेवल्याने होत नाही, कुणाच्या करणीने होत नाही. गंडा बांधून बरा होत नाही हे वेगळे सांगायला नको, तरीही सांगतो. कारण आमच्याही घरी एका नातेवाइकाने गंडा आणलाच होता.

तिसरा प्रकार म्हणजे आयबीएस. त्यात पोट दुखते, फुगते, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, आणि घराबाहेर पडायच्या वेळी हटकून कळ येते. आतड्याला व्रण मात्र नसतात. रक्त जात नाही, ताप येत नाही, विनाकारण वजन उतरत नाही, रात्री झोपेतून शौचासाठी उठावे लागत नाही. त्रास खराच असतो, तो मनाचा खेळ म्हणून झटकून टाकू नये. पण वरच्या चारांतले एक जरी लक्षण असेल तर "मला गॅसचा त्रास आहे" म्हणून घरी बसणे धोक्याचे आहे.

आता मूळव्याधीचे. शौचातून रक्त म्हणजे मूळव्याध, असे आपल्याकडे गृहीतच धरले आहे. लोकलच्या डब्यात बघा, स्टेशनबाहेरच्या भिंतीवर बघा, मूळव्याध आणि भगंदर बिनाऑपरेशन बरे करणाऱ्यांच्या जाहिरातींना तोटा नाही. मूळव्याध पुष्कळांना असते हे खरे. पण मूळव्याधीने दिवसात आठ वेळा जुलाब होत नाहीत आणि रात्री दोनला उठून पळावे लागत नाही. रक्त, आव आणि जुलाब ही तिन्ही एकत्र चार-सहा आठवडे टिकली, तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी, तिला कोलोनोस्कोपी म्हणतात. आदल्या दिवशी पोट साफ करणारे औषध कित्येक ग्लास पाण्यातून प्यावे लागते. खरे सांगायचे तर तपासणीपेक्षा ते पिणेच जास्त जिवावर येते. दुर्बीण घालतात त्या वेळी बहुधा गुंगीचे औषध देतात, म्हणून घरचे एक माणूस सोबत न्यावे. तपासणीत आतड्याचा छोटा तुकडा काढून पाहतात. आपल्या देशात हे फार महत्त्वाचे आहे, कारण आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हे दोन्ही वरवर सारखे दिसतात. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर घात होऊ शकतो.

औषधाविषयी एकच गोष्ट आम्ही पुनःपुन्हा सांगू. बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नका. हा रोग दबतो, पुन्हा डोके वर काढतो आणि दबलेला ठेवण्यासाठीच रोजची गोळी असते. कोलायटिसमध्ये बहुतेकांना मेसालामाइन देतात, जोर वाढला तर काही काळ स्टेरॉइड. स्टेरॉइडला लोक उगाच घाबरतात आणि उगाच वापरतातही. १९५५ साली ऑक्सफर्डचे ट्रूलव्ह आणि विट्स या दोन डॉक्टरांनी कॉर्टिसोनची पद्धतशीर चाचणी प्रसिद्ध केली. त्याआधी कोलायटिसच्या मोठ्या झटक्यात माणसे मरत असत, या औषधाने त्यांतली पुष्कळ वाचू लागली. पण स्टेरॉइड वर्षानुवर्षे घेण्याची वस्तू नव्हे. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. आणि एकदम बंद करणे तर आणखी वाईट, डॉक्टर सांगतील तसतसे उतरवतच बंद करायचे असते. याहून जोराची औषधे आहेत, काही इंजेक्शने महाग आहेत, काहींच्या भारतात बनणाऱ्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आहेत. डॉक्टरांना "आमच्या खिशाला परवडेल असे काय आहे" हे स्पष्ट विचारावे. यात लाज कसली?

आणखी दोन गोळ्यांविषयी सावध करतो, कारण कष्टकरी माणसाच्या खिशात त्या हमखास असतात. अंग दुखले की घेतो त्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्यांनी हा रोग उसळू शकतो, त्यापेक्षा पॅरासिटामॉल बरी. दुसरी जुलाब थांबवणारी लोपेरामाइड. ड्युटी चुकू नये म्हणून दोन गोळ्या टाकून कामावर जाणारे ड्रायव्हर आम्हाला ठाऊक आहेत. आयबीएसवाल्याने डॉक्टरांना विचारून घेतली तर ठीक. पण आतडे सुजून रक्त जात असताना तिने आतडे फुगून जिवावर बेतू शकते.

आता कामाच्या जागेविषयी.

आम्ही कल्याणच्या पुढे राहतो आणि कामाला मुंबईत येतो. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आणि लोकलच्या डब्यात संडास नाही. पहिल्या वर्षीच आम्ही फास्ट गाडी सोडली आणि स्लो धरली. वेळ जास्त जातो, पण ती प्रत्येक स्टेशनावर थांबते आणि कुठेही उतरता येते, एवढ्या भरवशावरच पुष्कळदा उतरावे लागत नाही. कोणत्या स्टेशनावर संडास कोणत्या फलाटावर आहे, कुठे सुट्टे पैसे लागतात, कुठे कुलूप असते, हा नकाशा आमच्या डोक्यात पक्का आहे. सकाळी नेहमीपेक्षा तासभर आधी उठतो, कारण या दुखण्यात पहिल्या फेरीने पोट मोकळे होत नाही. दुसरी-तिसरी फेरी घरीच झालेली बरी. बॅगेत एक जादा चड्डी, जुन्या सुती लुगड्याचे दोन तुकडे, पाण्याची बाटली आणि जाड प्लास्टिकची पिशवी असते. अकरा वर्षांत तिचा उपयोग मोजून चार वेळा झाला असेल. पण ती बॅगेत आहे हे माहीत असले की निम्मी भीती कमी होते.

खिडकीवरची अडचण वेगळी. रोखपालाला उठून पळता येत नाही. आधी पेटी कुलूपबंद करायची, समोरच्याचा व्यवहार पुरा करायचा, मगच उठायचे. सुरुवातीची दोन वर्षे आम्ही दात आवळून बसत असू. चेहरा असा होत असे की लोकांना वाटे, हा माणूस माजोरी आहे. एका पेन्शनर आजोबांनी तर साहेबांकडे तक्रारच केली की रोखपाल नीट बोलत नाहीत. तेव्हा साहेबांना बंद खोलीत सगळे सांगितले. पोट बिघडले आहे असे मोघम सांगितले नाही, रोगाचे नाव सांगितले आणि डॉक्टरांचा कागद पुढे ठेवला. मागणी फक्त दोनच गोष्टींची केली. एक, शेजारच्या खिडकीवरच्या सहकाऱ्याने आम्ही खूण केली की पाच-सात मिनिटे रांग आपल्याकडे घ्यावी. दोन, आमची जागा आतल्या दाराजवळ असावी. साहेब थोडे कुरकुरले, पण दोन्ही गोष्टी झाल्या. त्या बदल्यात मार्चअखेरचा हिशेब जुळवायला आम्ही उशिरापर्यंत थांबतो. सहकाऱ्याच्या मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत त्याची खिडकीही आम्हीच सांभाळतो. देणे-घेणे असले की मागणे जड जात नाही.

सगळ्या ऑफिसला सांगावे असे आम्ही म्हणत नाही. दोन माणसे पुरतात, एक ज्याच्या हातात हजेरी आहे तो आणि एक ज्याची जागा आपल्या शेजारी आहे तो. बाकीच्यांना जे वाटायचे ते वाटू दे.

उपाशी राहून पोट गप्प बसवण्याचा मार्ग पुष्कळजण धरतात. पत्र लिहिणाऱ्या ताईही तेच करीत आहेत. दिवसभर पाणी नाही आणि वर जुलाब, म्हणजे शरीर कोरडे पडणार. चक्कर येणार, पायात गोळे येणार, लघवीची जळजळ वेगळीच. पाणी एकदम तांब्याभर न पिता घोट-घोट दिवसभर प्यावे. जेवण थोडे-थोडे करावे. जोर असेल त्या दिवसांत मऊ भात, वरण, उकडलेला बटाटा, केळे, उकडलेले अंडे आम्हाला चालते. ठेचा, कच्चा कांदा, भुईमुगाचे कूट तेवढे दिवस लांब ठेवतो. दूध कुणाला चालते, कुणाला नाही. पोट शांत असले की भाकरी, सुकट, मटण सगळे खातो. या रोगाला सगळ्यांना लागू पडेल असे एकच पथ्य नाही. कुणाच्या सांगण्यावरून सहा महिने ताकभातावर राहिलेला माणूस आम्ही पाहिला आहे. त्याचा रोग होता तिथेच होता आणि हिमोग्लोबिन मात्र उतरले होते. रक्त जाते त्याला पंडुरोग होतोच, म्हणून वेळोवेळी रक्त तपासून लोहाचे औषध विचारून घ्यावे.

आमची गोष्ट एका अर्थाने सोपी. खिडकी बंद करता येते, ऑफिसात संडास आहे. दुकानात उभे राहणारी मुलगी, एस.टी.चा कंडक्टर, सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन यांनी काय करायचे? इथे प्रश्न एकट्याच्या हिकमतीचा राहत नाही. केरळात कोझिकोड शहरातल्या मिठाई रस्त्यावर कापडाच्या दुकानांची रांग आहे. तिथल्या विक्रेत्या स्त्रियांना दिवसभर बसू देत नसत आणि संडासाची सोय नव्हती. म्हणून त्याही पाणी पीत नसत. पी. विजी नावाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने त्यांना गोळा केले आणि 'पेनकूट्टू' ही संघटना उभी राहिली. सुरुवात संडासाच्या मागणीपासून झाली, पुढे बसण्याच्या हक्कापर्यंत गेली आणि २०१८ साली केरळ सरकारला दुकाने कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय सक्तीची करावी लागली. तामिळनाडूने २०२१ साली तेच केले. मुंबईतही २०११ पासून 'राइट टू पी' या नावाने स्त्रियांच्या मोफत आणि स्वच्छ मुताऱ्यांसाठी चळवळ झाली. एकटी मुलगी मालकाला "मला सारखे जावे लागते" म्हणाली तर तिचा हिशेब होतो. मार्केटमधल्या चाळीस जणींनी मिळून एक संडास मागितला तर ती रोग्याची मागणी राहत नाही, कामगारांची होते. आजारी बाईला आपला आजार जाहीर न करता सोय मिळते, हा त्यातला मोठा फायदा.

कायद्याचे म्हणाल तर भ्रमात राहू नये. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत, त्यांत हे आतड्याचे रोग नाहीत. त्यामुळे या रोगाच्या नावावर दाखला मिळवून देतो म्हणणारा दलाल भेटला तर त्याला वाटेला लावा. ई.एस.आय. मात्र उपयोगी आहे. पगारातून ई.एस.आय. कापला जात असेल आणि सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान भरले असेल, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणाच्या रजेत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. दुकानदार ई.एस.आय. भरतो की नाही हे कित्येक मुलींना माहीतही नसते. पगाराची पावती मागा, विमा क्रमांक मागा.

लाजेचा एक भाग असा आहे की तो आपल्याच समाजाला जास्त टोचतो. पिढ्यान्पिढ्या ज्यांना "घाण" म्हणून दूर ठेवले, त्यांच्या मुलाला कामाच्या जागी अंगाला वास येईल, कपडा खराब होईल ही भीती दुप्पट असते. त्याला वाटते, मी चुकलो तर हे लोक माझ्या रोगाला नाही, माझ्या जातीला नाव ठेवतील. आमच्याही मनात हे होते, म्हणूनच दोन वर्षे दात आवळून बसलो. अशा वेळी आम्हाला विनयपिटकाच्या महावग्गातली एक घटना आठवते. बाबासाहेबांनीही ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतली आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो कुणाच्या कामाला येत नाही, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने धुतले, आणि दोघांनी एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून धरून त्याला खाटेवर निजवले. इतर भिक्खूंची कानउघाडणी त्यानंतर केली. खुद्द तथागतांचे शेवटचे दुखणेही रक्तातिसाराचेच होते आणि महापरिनिब्बान सुत्ताने ते झाकून ठेवलेले नाही.

मोठ्या पदावरच्या माणसांनाही हा रोग सोडत नाही. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना तरुणपणापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. २००७ साली त्याच्यामुळे त्यांना पद सोडावे लागले. नव्या औषधाने तब्येत सावरल्यावर ते २०१२ साली परत आले, त्या देशाचे सर्वांत दीर्घ काळ पंतप्रधान राहिले आणि २०२० साली याच रोगाने पुन्हा राजीनामा दिला. त्यांनी रोगाचे नाव उघड सांगितले, हे आम्हाला विशेष वाटते.

घरच्यांसाठी थोडे. चाळीत संडास सामाईक असेल तर सकाळच्या रांगेत या माणसाला पुढे सोडण्याबद्दल शेजाऱ्यांशी घरातल्या वडीलधाऱ्याने बोलावे, रोग्याला बोलायला लावू नये. लग्नकार्यात "जेवत का नाही, दोन घास खा" असा आग्रह करू नये. मुलीला हा रोग असेल तर लग्न ठरताना लपवू नये, आणि लग्नच होणार नाही असेही मानू नये. रोग शांत असताना दिवस राहिले तर बहुतेकींचे बाळंतपण नीट होते. फक्त मूल हवे असे ठरले की औषधांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे, काही औषधे गर्भाला चालत नाहीत. पुरुषांनीही विचारावे, सल्फासालाझिनने वीर्यातले शुक्रजंतू कमी होतात. ते औषध बदलले की पुन्हा वाढतात. कुणाचे आतडे काढावे लागले आणि पोटावर पिशवी लावावी लागली, तरी तो माणूस कामावर जाऊ शकतो. पिशवी कपड्याखाली दिसत नाही.

दिवसाला सहा किंवा त्याहून जास्त वेळा रक्ताचे शौच, जोडीला ताप किंवा छातीत धडधड, किंवा पोट फुगून कडक झाले, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात जावे. एरवी मुंबईत के.ई.एम., नायर आणि शीव या पालिकेच्या इस्पितळांत पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत. केसपेपरसाठी लवकर जावे लागते आणि दिवस मोडतो. त्या दिवशी रजा टाकावी, अर्ध्या दिवसाच्या आशेवर राहू नये. जाताना एक छोटी वही न्यावी आणि तीत पंधरा दिवसांच्या नोंदी असाव्यात: किती वेळा शौच, रक्त होते की नाही, रात्री उठावे लागले का, कोणती गोळी घेतली. डॉक्टरांना दोन मिनिटेच मिळतात, त्यात वही जास्त बोलते. आणि कोलायटिसला आठ वर्षे झाली की त्रास नसला तरी दुर्बिणीची तपासणी ठरावीक काळाने करीत राहावी, कारण जुन्या सुजेतून कर्करोग होण्याचा धोका वाढतो. आमची पुढची तारीख डिसेंबरची आहे, रजेचा अर्ज आताच देऊन ठेवला आहे.